बायकांना बाई डॉक्टर हवी

१८८२ साली पुण्यात हंटर शिक्षण आयोगापुढे पंडिता रमाबाईंची साक्ष झाली. रमाबाई तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी त्यांना वैधव्य आलं होतं आणि पदरात लहानगी मनोरमा होती. साक्ष त्यांनी मराठीत दिली. मुलींच्या शाळांना शिक्षिका आणि तपासनीस बायकाच हव्यात, हे सांगून झाल्यावर त्यांनी वैद्यकीचा विषय काढला. या देशातल्या बायका परपुरुषाला आपलं दुखणं सांगत नाहीत आणि न सांगताच मरतात, म्हणून बायकांना डॉक्टरीचं शिक्षण द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. हंटरसाहेबांना ही साक्ष इतकी महत्त्वाची वाटली की त्यांनी तिचं इंग्रजी भाषांतर वेगळं छापून घेतलं. रमाबाईंना स्वतःलाही डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या, पण कानांनी साथ दिली नाही. ऐकू कमी येणाऱ्याला वैद्यकीचा अभ्यास झेपणार नाही, असं ठरलं आणि तो बेत तिथेच संपला.

‘बायकांना बाई डॉक्टर हवी’ हा युक्तिवाद रमाबाईंच्या आधीही होता आणि नंतर तर तो सगळ्यांच्याच तोंडी झाला. मिशनरी, सुधारक, संस्थानिक, व्हाइसरॉयच्या बायका आणि खुद्द व्हिक्टोरिया राणी, सगळे त्याच आधाराने बोलत होते. एकोणिसाव्या शतकात वैद्यकीत शिरलेल्या जवळजवळ प्रत्येक हिंदुस्थानी स्त्रीला या युक्तिवादाने वाट करून दिली. पण वाट कुठवर जाईल, तेही त्यानेच ठरवून टाकलं. बाईने बाईवर उपचार करावेत, बाळंतपण करावं, जनाना दवाखान्यात बसावं, आणि वरचा हुकूम मात्र पुरुषाचा असावा. त्या काळातल्या ‘पहिल्या’ डॉक्टरणींबद्दल आपण बरंच लिहिलं आहे. पदवी मिळाल्यावर त्यांना काम कोणतं मिळालं, पगार किती, अधिकार किती, याची चौकशी फारशी केलेली नाही. आढावा घ्यायचा तर तिथूनच घ्यायला हवा.

आधी विलायतेकडे पाहू, कारण तिथलं चित्र आपण समजतो तितकं उजळ नव्हतं. एलिझाबेथ ब्लॅकवेलला अमेरिकेतल्या एकामागून एक कॉलेजांनी नकार दिला. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा मेडिकल कॉलेजने निर्णय विद्यार्थ्यांवर सोपवला, पोरांनी ती थट्टा समजून एकमुखाने हो म्हटलं, आणि १८४९ साली ती पदवी घेऊन बाहेर पडली. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रसूतिगृहात शिकताना एका बाळाच्या डोळ्यांतला संसर्ग तिला झाला आणि तिचा एक डोळा गेला. शल्यचिकित्सक होण्याची तिची इच्छा त्याबरोबर संपली. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ गॅरेटने १८६५ साली औषधविक्रेत्यांच्या सोसायटीच्या नियमांतली फट शोधून परवाना मिळवला. सोसायटीने लगेच नियम बदलून ती फट बुजवली. कुठे कडी लावायची राहिली आहे हे हेरून एखादी बाई आत शिरायची आणि तिच्या पाठोपाठ कडी पडायची, असं हे वर्षानुवर्षं चाललं.

एडिंबरामध्ये १८६९ साली सोफिया जेक्स-ब्लेक आणि तिच्या सहकारी मुलींना विद्यापीठाने प्रवेश दिला. फी जास्त आणि वर्ग वेगळे, अशा अटी होत्या. या सात जणींत एडिथ पिची होती. रसायनशास्त्रात पहिल्यांदा परीक्षेला बसलेल्यांत ती अव्वल आली. होप शिष्यवृत्ती तिच्या हक्काची होती, पण मुलगे बिथरतील म्हणून ती तिच्या खालच्या क्रमांकाच्या मुलांना दिली गेली. १८ नोव्हेंबर १८७० रोजी या मुली शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेला सर्जन्स हॉलकडे निघाल्या, तेव्हा दोनेकशे जणांच्या जमावाने रस्ता अडवला, चिखल फेकला आणि फाटक त्यांच्या तोंडावर आपटलं. आतल्या कुणी तरी फाटक उघडून त्यांना आत घेतलं. परीक्षा चालू असताना दालनात एक मेंढी ढकलण्यात आली. मुलींनी चिखलाने भरलेल्या कपड्यांत पेपर लिहिले. एवढं करून १८७३ साली कोर्टाने निकाल दिला की विद्यापीठाने यांना मुळात प्रवेशच द्यायला नको होता. पदव्या मिळाल्या नाहीत. मिळाल्या त्या मरणोत्तर, २०१९ साली.

जेक्स-ब्लेकने १८७४ साली लंडनमध्ये स्त्रियांचं वैद्यकीय विद्यालय काढलं, १८७६ साली परीक्षक संस्थांना स्त्रियांना परवाना देण्याची मुभा देणारा कायदा झाला, १८७७ साली आयर्लंडच्या वैद्यक महाविद्यालयाने या स्त्रियांची परीक्षा घ्यायचं कबूल केलं, आणि मग दार खऱ्या अर्थाने उघडलं. पण नोकऱ्या कुठे होत्या? इंग्लंडमधल्या इस्पितळांत त्यांना जागा नव्हती. अशा वेळी हिंदुस्थानातली पडद्याआडची रोगी बाई या चळवळीच्या कामी आली. पुरुष डॉक्टर जिच्यापर्यंत पोचूच शकत नाही अशा लाखो बायका साम्राज्यात आहेत, त्यांच्यासाठी तरी आम्हाला शिकू द्या, असं तिथल्या स्त्रिया म्हणू लागल्या. त्यांच्यातल्या अनेकींनी इथे येऊन मनापासून काम केलं, आयुष्यं वेचली, ते कमी लेखायचं कारण नाही. तरीही आपल्या बायकांच्या आजारपणाचा उपयोग दुसऱ्या देशातल्या हक्काच्या भांडणात झाला, हे नोंदवायला हवं. इथल्या चांगल्या जागा कुणाला मिळाल्या, याचं उत्तर त्यात आहे.

मुंबईत स्त्री डॉक्टर आणण्याचं काम अधिक चोखपणे सुरू झालं आणि त्याचं श्रेय सरकारला नाही. जॉर्ज किट्रेज नावाचा अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी ‘मेडिकल फंड फॉर द विमेन ऑफ इंडिया’ उभा केला. विलायतेहून स्त्री डॉक्टर आणायच्या, बायकांसाठी इस्पितळ बांधायचं आणि ग्रँट मेडिकल कॉलेज मुलींना खुलं करून घ्यायचं, अशी योजना होती. इस्पितळासाठी पेस्तनजी होरमसजी कामांनी लाखाहून अधिक रुपये दिले. देणगीदारांनी एका गोष्टीचा आग्रह धरला: इस्पितळाचा कारभार स्त्री डॉक्टरांच्याच हाती राहील. १८८३ साली कोनशिला बसली, १८८६ साली कामा हॉस्पिटल सुरू झालं. त्या आधीच, १८८३ च्या डिसेंबरात, एडिंबराची तीच एडिथ पिची मुंबईत येऊन कामाला लागली होती.

पिचीबाईंबद्दल मराठीत आणखी लिहिलं जायला हवं. समान कामाला समान पगार मिळावा म्हणून त्या इथे भांडल्या. परिचारिकांचं शिक्षण त्यांनी हाती घेतलं. बालविवाहावर त्यांनी जाहीर व्याख्यान दिलं ते १८९० साली, म्हणजे संमतिवयाच्या वादाने महाराष्ट्र तापला होता तेव्हा. अजाण वयात आई होणाऱ्या मुली त्या रोज तपासत होत्या, त्यामुळे हा वाद त्यांच्यासाठी धर्मशास्त्राचा नव्हता. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंना लंडनला जायला त्यांनीच हात दिला.

मद्रास स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणात मुंबईच्या पुढे होतं. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ सालीच चार स्त्रियांना वर्गात घेतलं. त्यांतल्या मेरी शार्लीब पुढे लंडनची पदवी घेऊन परतल्या आणि १८८५ साली त्यांनी मद्रासमध्ये सवर्ण आणि गोषातल्या बायकांसाठी इस्पितळ काढलं. याच कॉलेजात १८७८ साली एक मराठी मुलगी शिकत होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. अहमदनगरच्या हरिपंत खिस्तींची मुलगी कृपाबाई. विलायतेला जाण्याची शिष्यवृत्ती तिला मिळाली होती, पण तब्येत पाहून तिला पाठवलं गेलं नाही. मद्रासला पहिल्या वर्षी ती उत्तम गुणांनी पास झाली आणि तब्येतीनेच तिला शिक्षण सोडायला लावलं. पुढे कृपाबाई सत्यनाथन म्हणून ती इंग्रजी कादंबरीकार झाली आणि १८९४ साली, जेमतेम बत्तिशीत, वारली. रमाबाईंचे कान, कृपाबाईंची प्रकृती. ज्या पोचू शकल्या नाहीत त्यांचीही नोंद या इतिहासात हवी, कारण पोचणाऱ्या अगदी थोड्या आणि वाट चालू लागलेल्या त्याहून जास्त होत्या.

आता आनंदीबाई. त्यांची कथा मराठी घराघरांत पोचलेली आहे. काशीबाई कानिटकरांचं चरित्र, श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी, अंजली कीर्तने यांचं संशोधन, नाटक, सिनेमा. म्हणून सगळं पुन्हा सांगत बसत नाही. जन्म १८६५, माहेर कल्याणचं, लग्न नवव्या वर्षी पोस्टात काम करणाऱ्या गोपाळराव जोशांशी, चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र एका मासिकात छापलं गेलं आणि न्यू जर्सीतल्या रोसेल गावच्या कार्पेंटरबाईंनी ते दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचलं. तिथून सगळं सुरू झालं.

मला त्यांचं श्रीरामपूरचं, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरचं भाषण सगळ्यांत मोलाचं वाटतं. फेब्रुवारी १८८३ मध्ये, जाण्याच्या दीड महिना आधी, अठरा वर्षंही पूर्ण न झालेली ही मुलगी कॉलेजच्या सभागृहात उभी राहिली आणि लोकांच्या मनातले प्रश्न तिने स्वतःच घेऊन एकेकाचं उत्तर दिलं. इथेच का शिकत नाहीस, एकटी का जातेस, जातीबाहेर टाकतील त्याचं काय, तिकडे काही बरंवाईट झालं तर? इथे शिकायला गेलेल्या बाईला रस्त्यात आणि वर्गात काय सोसावं लागतं, ते तिने स्पष्ट सांगितलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही सांगितलं. बायकांना बाई डॉक्टर हवी हा युक्तिवाद तिनेही केला. पण चौदाव्या वर्षी स्वतःचं बाळ गमावलेल्या आईच्या तोंडून तो आल्यावर त्याचं वजन वेगळं होतं.

फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज १८५० सालचं. याच कॉलेजच्या मुली १८६९ साली पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये शिकायला गेल्या, तेव्हा मुलग्यांनी हुर्यो उडवून त्यांचा छळ केला होता. याच कॉलेजची क्लारा स्वेन १८७० साली बरेलीत येऊन दवाखाना चालवू लागली होती. आनंदीबाई तिथे पोचल्या तेव्हा कॉलेजला दूरदेशीच्या मुलींची सवय होऊ लागली होती. १० ऑक्टोबर १८८५ चं एक छायाचित्र आहे: नऊवारीतल्या आनंदीबाई, किमोनोतली जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबुली. तिघींच्याही चेहऱ्यावर छायाचित्रासाठी आणलेलं हसू नाही. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. परक्या देशात परीक्षा देताना तिने आपल्याकडचं जुनं ज्ञान तपासायला घेतलं, ही गोष्ट तिच्या पदवीइतकीच मोठी आहे.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्री विभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. पण त्या परतल्या त्या क्षयाने पोखरलेल्या. एकाही दिवसाची नोकरी न करता २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. आजारपणात केसरीकार टिळकांनी शंभर रुपये मदत पाठवली होती. सगळं पुणं हळहळलं. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीच्या स्मशानभूमीत आजही त्यांचं स्मारक आहे.

इथे एक तारीख शेजारी ठेवावी लागते. आनंदीबाई गेल्या त्यानंतर सहाच दिवसांनी, ४ मार्च १८८७ रोजी, मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंच्या खटल्यात निकाल दिला: नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली.

दोघींच्या वयात अंतर काही महिन्यांचंच. रखमाबाईंचा जन्म नोव्हेंबर १८६४ चा. त्यांची आई जयंतीबाई विधवा झाल्या आणि सुतार समाजात पुनर्विवाहाला मोकळीक असल्याने त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचे आणि वनस्पतिशास्त्राचे मोठे जाणकार होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांपैकी ते एक. घरात पुस्तकं होती, वैद्यकी होती. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न लावलेली ही मुलगी सासरी गेलीच नाही. १८८४ साली दादाजींनी दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला, अपिलात हा निकाल उलटला. रखमाबाईंनी ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर आणि सक्तीच्या वैधव्यावर पत्रं लिहिली होती. केसरी आणि मराठा त्यांच्या विरोधात होते.

आनंदीबाईंच्या आजारपणात मदत पाठवणारे टिळक रखमाबाईंच्या बाबतीत टीकेचे घाव घालत होते, आणि तेही त्याच वर्षी. टिळक एकटे नव्हते. त्या काळच्या शिकलेल्या महाराष्ट्राचं मन यात दिसतं. आनंदीबाई शिकल्या त्या नवऱ्याच्या इच्छेने, किंबहुना हट्टाने. नऊवारी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही, धर्म सोडला नाही, आणि परत येऊन लगेच गेल्या. त्यांच्यावर फुलं वाहणं समाजाला जड गेलं नाही. रखमाबाईंनी नवऱ्यालाच नकार दिला होता. त्यांच्या डॉक्टरकीला टाळ्या वाजवायच्या तर त्या नकारालाही मान द्यावा लागला असता. आनंदीबाईंचा मोठेपणा यात कमी होत नाही. पण मराठी मनाने कोणती डॉक्टरीण देव्हाऱ्यात ठेवली आणि कोणती कोर्टाच्या कागदांत ठेवली, हे तरी आपण कबूल करायला हवं.

१८८८ साली दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. १८८९ साली रखमाबाई लंडनच्या स्त्री वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या, शिक्षण पुरं केलं, ब्रसेल्सची एम.डी. मिळवली आणि परत येऊन काही दिवस कामा हॉस्पिटलात काढून सुरतेला गेल्या. तिथल्या इस्पितळात बाळंतपणाला कुणी बाई पाऊल टाकेना. तेव्हा त्यांनी गाभण मेंढी आणवून तिचं बाळंतपण इस्पितळात केलं आणि जनावर सुखरूप सुटलेलं पाहून बायकांची भीड चेपली, अशी हकिकत सांगतात. सुरतेत वीस वर्षांहून जास्त, मग १९१८ पासून राजकोटच्या जनाना इस्पितळात दहा-अकरा वर्षं, अशी पस्तीसेक वर्षं त्यांनी अखंड काम केलं. प्लेग पाहिला, दुष्काळ पाहिला. १९५५ साली, नव्वदी ओलांडून, त्या गेल्या. पदवी घेऊन परतलेल्या आणि आयुष्यभर वैद्यकी केलेल्या आरंभीच्या मराठी स्त्रियांत त्यांचं नाव पहिल्यांदा घ्यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्यासोबत गुरुबाई करमरकरांचंही घ्यावं. त्या फिलाडेल्फियाच्याच कॉलेजातून १८९२ साली डॉक्टर झाल्या आणि मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या दवाखान्यात दोन तपं राबल्या. ख्रिस्ती होत्या, मिशनमध्ये होत्या, म्हणून मराठी चरित्रकारांचं तिकडे लक्ष गेलं नाही.

आनंदीबाई पहिल्या की कादंबिनी गांगुली, हा वाद मला व्यर्थ वाटतो. दोघी १८८६ च्याच. पण कादंबिनींनी जे सोसलं ते समजून घेण्यासारखं आहे. कलकत्ता विद्यापीठाच्या पहिल्या दोन स्त्री पदवीधरांपैकी त्या एक. मेडिकल कॉलेजात एका विषयात त्या नापास झाल्या, म्हणून एम.बी. ऐवजी त्यांना कॉलेजची जी.बी.एम.सी. ही पात्रता मिळाली. १८९१ साली ‘बंगवासी’ पत्राने त्यांना आडून वेश्या म्हटलं. ब्राह्मो समाजातली, लग्न झालेली, मुलंबाळं असलेली बाई रात्री-अपरात्री रोग्याकडे जाते, एवढंच कारण. कादंबिनींनी खटला भरला, संपादकाला सहा महिने कैद आणि शंभर रुपये दंड झाला. १८९३ साली त्या एडिंबराला जाऊन तिहेरी पात्रता घेऊन आल्या, कारण इथलं शिक्षण इथल्याच इस्पितळांत दुय्यम धरलं जात होतं. १९२३ साली ज्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला, त्या दिवशीही त्यांनी शस्त्रक्रिया केली होती.

इथलं शिक्षण दुय्यम का, हे डफरिन फंडाकडे पाहिलं की उलगडतं. १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी हा निधी सुरू केला. मागे राणीची इच्छा होती: १८८१ साली लखनौहून परतलेल्या मिशनरी बीलबीबाई यांच्यामार्फत पन्नाच्या महाराणीने तिला निरोप धाडला होता, की इथल्या बायका आजारात फार हाल सोसतात. फंडाने देशभर जनाना इस्पितळं काढली, मुलींना शिष्यवृत्त्या दिल्या. पण त्याने स्त्री डॉक्टरांची उतरंडही लावली. वरच्या थरात विलायती पात्रतेच्या, बहुतेक गोऱ्या डॉक्टरणी. मधल्या थरात इथल्या कॉलेजात शिकलेल्या असिस्टंट सर्जन. खाली मराठी-बंगाली-हिंदीत शिकवणाऱ्या वैद्यकशाळांतल्या हॉस्पिटल असिस्टंट. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन, जो पुरुष असणारच. पडद्यातल्या बाईला पुरुष डॉक्टर चालत नाही म्हणून ज्यांना नेमलं, त्यांच्या कामावर नजर ठेवायला मात्र पुरुष चालत होता. इंडियन मेडिकल सर्व्हिसचं दार तर स्त्रियांना बंदच होतं. स्त्री डॉक्टरांनी १९०७ साली संघटना काढून रेटा लावला, तेव्हा १९१४ साली विमेन्स मेडिकल सर्व्हिस उभी राहिली: सरकारचं वर्षाला दीड लाखाचं अनुदान आणि सबंध हिंदुस्थानासाठी पंचवीस जागा.

उतरंडीच्या तळाशी काय होतं, ते हैमवती सेन यांनी लिहून ठेवलं आहे. खुलना जिल्ह्यातली ही मुलगी दहाव्या वर्षीच विधवा झाली. दुसऱ्या लग्नानंतर कलकत्त्याच्या कॅम्पबेल वैद्यकशाळेत शिकली आणि १८९४ साली शेवटच्या परीक्षेत पहिली आली. सुवर्णपदक बाईला जाणार म्हटल्यावर मुलग्यांनी दंगा केला. मग मधला मार्ग निघाला: तिने सुवर्णपदकावरचा हक्क सोडायचा, रौप्यपदक घ्यायचं आणि महिना तीस रुपये शिष्यवृत्ती घ्यायची. तिला पैशाची गरज होती, तिने घेतली. एडिथ पिचीची शिष्यवृत्ती आणि हैमवतीचं पदक यांच्यात चोवीस वर्षांचं आणि अर्ध्या जगाचं अंतर आहे, पण कारण एकच. पुढे हुगळीच्या डफरिन इस्पितळात तिने वर्षानुवर्षं नोकरी केली. वरिष्ठ पुरुषाचा जाच सोसला. पगार नवरा हातात घ्यायचा. पहाटे उठून घरचं सगळं आवरायचं, दवाखान्यात जायचं, रात्री बोलावणं आलं की पुन्हा निघायचं. टाकून दिलेली कितीतरी पोरं तिने घरी आणून वाढवली. हे सगळं तिने बंगालीत वह्यांमध्ये लिहिलं. ते छापलं गेलं २००० साली, इंग्रजी भाषांतरात.

या साऱ्या हकिकतीत एक माणूस बाहेरच उभा राहिला आहे, तो म्हणजे सुईण. रमाबाईंनी साक्ष दिली त्या दिवशीही गावोगाव बायकांना बाईच सोडवत होती. ती बहुधा खालच्या मानलेल्या जातीची, अक्षरशत्रू, आणि बाळंतिणीच्या खोलीतला सगळा विटाळ तिच्याच वाट्याचा. डॉक्टरणींच्या अहवालांत ती येते ती घाणेरडे हात आणि गंजकी कात्री घेऊन. त्यात खोटं काही नव्हतं. धनुर्वाताने बाळं मरत होती, सूतिकाज्वराने आया मरत होत्या. पण जिच्या हातून हे होत होतं तिला कुणी काही शिकवलंही नव्हतं. १९०३ साली लेडी कर्झन यांच्या निधीतून सुईणींना शिकवायला सुरुवात झाली, तीही तुटपुंजी. शिकलेल्या बाईला वैद्यकीत जागा मिळताना न शिकलेल्या बाईची जागा आणि मान दोन्ही गेले. आपल्या इतिहासलेखनाने याची भरपाई अजून केलेली नाही.

‘बायकांना बाई डॉक्टर हवी’ या युक्तिवादाला शेवटचं उत्तर दिलं ते रखमाबाईंनीच. निवृत्तीच्या सुमारास, १९२९ साली, त्यांनी पडदा नष्ट करण्याची गरज सांगणारा लेख लिहिला. ज्या पडद्याच्या नावाने स्त्री डॉक्टरांची गरज सिद्ध झाली, ज्याच्या आडच्या बायकांना तपासण्यात त्यांची हयात गेली, तो पडदाच जायला हवा, असं त्या सांगत होत्या. क्षय, रक्तक्षय, हाडांचे आजार, बाळंतपणातले मृत्यू यांचा कोंडलेल्या आयुष्याशी असलेला संबंध पस्तीस वर्षं जनाना इस्पितळात काढलेल्या डॉक्टरला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाईला बाई डॉक्टर हवी हे खरं, पण बाईला मोकळी हवा आणि स्वतःच्या शरीराबद्दल बोलायची मुभा त्याआधी हवी. माझ्या मते, या सबंध चळवळीतलं सर्वांत पुढचं पाऊल हेच.

कामा हॉस्पिटलची खुर्चीही हिंदुस्थानी बाईकडे सहज आली नाही. जेरुशा झिराड या कोकणातून पसरलेल्या, घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजातल्या. त्यांच्या बहिणीचा जीव कामा हॉस्पिटलात डॉ. बेन्सन यांनी वाचवला, तेव्हा अकरा वर्षांच्या जेरुशाने ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं आणि इथेच काम करायचं. ग्रँट मेडिकल कॉलेजमधून त्या १९१२ साली उत्तीर्ण झाल्या. पण कामा हॉस्पिटलातल्या वरच्या जागेला विलायती पदवी लागे आणि विलायतेच्या सरकारी शिष्यवृत्त्या पुरुषांनाच होत्या. टाटांच्या कर्जाऊ शिष्यवृत्तीवर त्या लंडनला गेल्या, पुढे भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या आणि १९१९ साली लंडनच्या एम.डी. झाल्या. १९२८ साली त्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. इस्पितळ सुरू होऊन बेचाळीस वर्षं झाली होती. १९४७ पर्यंत त्यांनी ते चालवलं, बाळंतपणातल्या मातामृत्यूंची पद्धतशीर पाहणी केली, मुंबईतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना बांधली.

झिराडबाईंच्या पिढीपर्यंत तालुक्यातालुक्यांच्या दवाखान्यांत, संस्थानी जनाना इस्पितळांत, नगरपालिकांच्या प्रसूतिगृहांत कितीतरी मराठी डॉक्टरणी, कंपाउंडरणी, नर्सा आणि शिकलेल्या सुइणी काम करत होत्या. त्यांच्यावर ना कादंबरी झाली ना सिनेमा. त्यांचं जे काही उरलं आहे ते घरांतल्या ट्रंकांमध्ये आहे: प्रमाणपत्रं, बदलीचे हुकूम, बाळंतपणांच्या नोंदवह्या, पत्रं, डायऱ्या. हैमवतींच्या वह्या घरच्यांनी जपल्या म्हणून आज वाचता येतात. तुमच्या घरात आजी, पणजी, आत्या यांपैकी कुणी असं काम केलेलं असेल, तर ते कागद रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथसंग्रहालयाला किंवा विद्यापीठाच्या इतिहास विभागाला दाखवा, निदान त्यांची छायाचित्रं काढून ठेवा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवतंय तोवर विचारून लिहून घ्या.